थकली म्हणा

आमचे हे मोटारी भरतात. असं सांगितलं की शहरातले पाहुणे विचारतात, कशाने भरतात? म्हणून आधीच सांगून टाकते. विहिरीवरची किंवा बोअरमधली पाण्याची मोटार बंद पडली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार ओढून काढायची आणि नवी तांब्याची तार फेरे मोजत मोजत परत बसवायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. वीस-बावीस वर्षं हे तेच करत आले आहेत. फेरे मोजताना त्यांच्याशी बोलायची सोय नसते. तोंडातून दुसरा शब्द निघाला तर मोजणी चुकेल, म्हणून ते उत्तरसुद्धा आकड्यातच देतात. लग्न होऊन आले तेव्हा मी पहिल्यांदा दुकानात जाऊन विचारलं होतं, "जेवायला येता ना?" तर म्हणाले, "एकतीस." मी तशीच मागे फिरले आणि दुपारभर रुसून बसले.

त्यांच्या दुकानात आणखी एक कायदा होता. तिथे 'जळाली' हा शब्द चालत नसे. मोटारसायकलला मागे मोटार बांधून एखादा माणूस आला आणि "जळाली हो" म्हणाला, की हे हातातली पक्कड खाली ठेवून म्हणत, "जळली न्हाई. थकली. ठेवा इथं, पानी प्या." मग झाकण उघडल्यावर आत नुसता कोळसा का निघेना, ती थकलीच. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, अजून वास येऊन राहिला जळाल्याचा, अन् तुमी थकली काय म्हणता?"

"जळाली म्हनलं की मानसाच्या पोटात गोळा येतो," ते म्हणाले. "अर्धा हरभरा तहानलेला ठेवून आलेला असतो तो. थकली म्हनलं की बसतो, दम घेतो. थकलेलं मानूस उठतंच ना परत?"

यावर मी वाद न घालता पाण्याचा तांब्या भरून आणला. माझ्या बाबतीत हे फार वेळा घडत नाही.

कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशिम रस्त्याला लागूनच, आमचं पत्र्याचं शेड होतं. पाटी नव्हती, कारण बाहेर पडलेला मोटारींचा ढीग हीच पाटी होती. जाणाऱ्या-येणाऱ्या जीपमधून दिसायचा. मग रस्ता रुंद व्हायचा ठरला, शेड निघालं, आणि दुकान आमच्या घराच्या अंगणात आलं. घर विहाराच्या मागे, दोन गल्ल्या आत. जुनी गिऱ्हाइकं विचारत विचारत आली, पण नवं माणूस काही वळेना. त्या हिवाळ्यात, जेव्हा रांग लागायला हवी, तेव्हा अंगणात दोनच मोटारी पडलेल्या होत्या. त्यातली एक आमची स्वतःची होती.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी, पुण्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचा फोन आला. यांच्या हाताला तिथे काम आहे, हरभरा निघेपर्यंत जागा धरून ठेवतो, वर्दी शिवायला मापं तेवढी कळवा, असं म्हणाले. मी शिवणकाम करते, त्यामुळे मापं घेणं माझ्याकडेच आलं. छाती, खांदा, बाही, कंबर, सगळं एका कागदावर उतरवलं आणि तो कागद शिलाई मशीनच्या खणात टाकला. दाजींना सांगितलं, टेप सापडत नाही.

हे मात्र "पाहू" म्हणाले. यांच्या भाषेत 'पाहू' म्हणजे माणूस अर्धा निघालेला असतो. दुसऱ्या दिवशी बघते तर हत्यारांना तेल लावून एकेक फडक्यात गुंडाळत होते. मी विचारलं, तिथे काम काय असतं? म्हणाले, "पट्ट्यावरून मोटार येती. एकानं तार भरायची, दुसऱ्यानं झाकन लावायचं. मोटार कोनाची, कोन्या गावची, काही कळत न्हाई." हे त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं. गिऱ्हाइकाला पाणी पाजल्याशिवाय मोटारीला हात न लावणारा माणूस त्या पट्ट्यापाशी कसा उभा राहील? मी तिथल्या तिथे ठरवलं, पुण्याला जायचं नाही. कसं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी फोन हातात होता. सहज विचारून पाहिलं, जवळपास मोटार भरणारे कोण आहेत? फोनने वाशिमची दोन दुकानं दाखवली, हिंगोलीची चार दाखवली, आणि एक तर कुठल्या तिसऱ्याच जिल्ह्यातलं दाखवलं. आमचं नाव नाही. वीस वर्षं नाक्यावर बसलेला माणूस फोनच्या लेखी जन्मलाच नव्हता! मला असा संताप आला की मी फोनलाच दोन शब्द सुनावले.

मग हिंगोलीला जाऊन एका कॉम्प्युटरवाल्याकडून वेबसाइट करून घेतली. आता कबूल करते, पहिली घोडचूक माझीच. मी मराठी घेऊन बी.ए. केलेलं, तेही बाहेरून, घर सांभाळून. त्याची गुर्मी कुठेतरी निघायलाच हवी होती. दुकानाचं नाव साधं कसं ठेवायचं? शब्दकोश उघडला आणि लिहून दिलं : 'विद्युत-चलित्र पुनर्वेष्टन केंद्र'. कॉम्प्युटरवाला दोनदा वाचून म्हणाला, "ताई, हे नक्की काय असतं?" मला त्याची कीव आली. त्याने निमूटपणे टाइप केलं.

महिना झाला, चिटपाखरू फिरकलं नाही. यांनी एकदा चष्मा लावून वेबसाइट पाहिली आणि म्हणाले, "कोनाचं दुकान आहे हे?"

"आपलं."

"काय करतात इथं?"

मग मी ताळ्यावर आले. पुनर्वेष्टन काढलं आणि स्वच्छ लिहिलं, 'मोटार भरून मिळेल'. नकाशावरही दुकानाची खूण टाकली, प्रकार निवडला मोटार दुरुस्ती. चारच दिवसांत अंगणाबाहेर एक पांढरी गाडी येऊन थांबली. वाशिमचे एक गृहस्थ उतरले, इस्त्रीचे कपडे, आणि म्हणाले, "एसीचा गॅस भरायचा आहे." नकाशाने आमच्या दुकानापुढे गाडीचं चित्र काढून ठेवलं होतं! हे बिचारे त्या गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "साहेब, ही विहिरीत सोडता येत न्हाई ना, मग आपल्याला जमायचं न्हाई." गृहस्थ इतके हसले की चहा घेऊनच गेले. जाताना त्यांनी नकाशावर आम्हाला पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'गाडीचं काम करत नाहीत, पण माणसं चांगली, चहा उत्तम.' आमच्या दुकानाबद्दल जगात लिहिलं गेलेलं ते पहिलं वाक्य.

त्यानंतर मी नादालाच लागले. मशीनवर पाय चालू आणि समोर फोनवरच्या व्हिडिओत हिंदीत सांगणारे मास्तर, शोधाच्या यादीत वेबसाइट वर कशी आणायची ते. एकाने सांगितलं, आजूबाजूच्या गावांची नावं घालून तेच तेच पान लिहा. मी लगेच लिहिलं, 'पुसेगावातील एकमेव', 'सेनगावातील एकमेव'. हे म्हणाले, "आपुन पुसेगावला कधी दुकान टाकलं?" खोटं त्यांना खपत नाही. मी ती पानं पुसली, आणि नंतर दुसऱ्या एका मास्तरांनी सांगितलं की अशाने साइट वर जायची सोडून खाली जाते. या दुसऱ्या मास्तरांनीच खरी गोष्ट सांगितली : तुम्ही काय म्हणता ते लिहू नका, लोक काय म्हणून शोधतात ते लिहा.

लोक काय म्हणतात? ते तर माझ्या अंगणातच येऊन म्हणत होते. मी मशीन ओसरीवर आणून मांडली आणि कान टवकारून बसले. लिहायला जवळ काही नव्हतं, म्हणून खणातला तो मापांचा कागद काढला आणि त्याच्या पाठीवर सुरुवात केली. येणारा माणूस तोंडून पहिला शब्द काय काढतो, फोन करणारा काय म्हणतो, जसंच्या तसं. 'नुसती गुंगू करून राहिली, फिरून नाही राहिली.' 'पानी न्हाई फेकून राहिली.' 'स्टार्टर धरून नाही राहिला.' 'बुडबुडे येऊन राहिले.' एवढ्या वर्षांत मी हे सगळं ऐकलं होतं, पण कान देऊन पहिल्यांदाच ऐकत होते. माणसं मोटारीबद्दल घरातल्या आजाऱ्यासारखं बोलतात. मला फार मजा यायला लागली.

एकेका वाक्याचं एकेक पान करायचं ठरलं. वर गिऱ्हाइकाचं वाक्य, खाली यांचं उत्तर. हे फेरे मोजत नसतील तेव्हा मी विचारायची आणि लिहून घ्यायची. 'पाणी फेकत नाही'वर म्हणाले, "आधी फुटवाल पाहा म्हनावं, पाइपाच्या तळाची झडप. खाली कचरा अडकलेला असतो. तेवढा काढला की झालं, उगं बोजा उचलून इथवर येऊ नका म्हनावं."

मी पेन आपटलं. "अहो, आपण दुकान चालवायला लिहून राहिलो का बंद करायला?"

"खरं ते लिही," एवढंच म्हणाले.

लिहिलं, दातओठ खात. आणि गंमत अशी की तेच पान सगळ्यांत आधी वर आलं. फुटवाल साफ करून ज्यांचं काम झालं, त्यांनी फोन करून सांगितलं, आणि पुढे खरोखर बिघाड झाला तेव्हा मोटार घेऊन आमच्याकडेच आले. मला पाच पावलं पुढचं दिसतं असा माझा समज होता, तो त्या दिवसापासून जरा कमी झाला.

राहिला तो शब्द. कागदावर सगळ्यांत जास्त खुणा कशापुढे होत्या हे सांगायला नकोच. 'मोटार जळाली.' दहातली सात माणसं तेच म्हणत. मी यांना कागद दाखवला.

"माझ्या दुकानावर तो शब्द चढायचा न्हाई," हे म्हणाले.

"पण लोक तोच शब्द टाकून शोधून राहिले ना!"

"शोधू दे."

दोन दिवस आमचा अबोला. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते बोलले नाहीत, आणि मीही कमी टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "ज्याची मोटार जळाली तो जळालीच म्हणणार. तो शब्द आपल्याकडे नसला तर तो दुसरीकडे जाईल. तिथं त्याला कोणी पाणी देणार नाही, अन् थकली म्हणणार नाही. मग तुमी थकली म्हणाल कोणाला? त्या पुण्याच्या पट्ट्याला?"

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. चहा झाला, कप विसळून झाले, तेव्हा म्हणाले, "मंग असं कर. त्याईचं त्याईला म्हनू दे. आपुन आपलं म्हनू." आणि त्यांनी सांगितलं ते मी अक्षरशः लिहिलं : 'मोटार जळाली? जळली न्हाई, थकली. घेऊन या, भरून देतो.'

हिंगोलीच्या कॉम्प्युटरवाल्याने फोन केला. "ताई, ते 'न्हाई' चुकलंय का? 'नाही' करू का?" लोकांच्या लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणारी मी. पण त्या दिवशी मी म्हटलं, "'न्हाई'च ठेवा. ते बराबर आहे."

मग वाट पाहणं आलं. रोज सकाळी पाणी भरून झालं की मी फोनला विचारायची, मोटार जळाली, आणि आपलं नाव कितव्या पानावर येतं ते पाहायची. तिसरं पान. पुन्हा तिसरं पान. एक दिवस एकदम पहिलं! मी नाचायचीच बाकी होते, तेवढ्यात मास्तरांनी सांगितलं की आपला फोन आपल्याला ओळखतो, तो आपली मर्जी राखतो. तेव्हापासून मी माझ्या फोनवर विश्वास ठेवणं सोडलं आणि शेजारणींचे फोन मागायला लागले. कोणी दारात दिसली की, "जरा विचारा बरं तुमच्या फोनला." गल्लीतल्या बायका मला पाहून फोन पदराखाली घ्यायला लागल्या.

एकदा ब्लाउजचं कापड आणायला सेनगावला गेले होते. परतीची जीप भरायची होती, ड्रायव्हर मोकळाच बसलेला. त्याला म्हटलं, "दादा, तुमच्या फोनला विचारता का, मोटार जळाली म्हणून?"

"अरारा! केव्हा जळाली?" तो बिचारा खरंच हळहळला. मग फोनमध्ये बोलला, खाली-वर केलं आणि म्हणाला, "हे चौथ्या नंबरावर एक आहे, कनेरगावचं. पन ताई, हा येडपट दिसून राहिला. जळली न्हाई थकली म्हनतो. मोटार कधी थकती का?"

"त्याच्याकडेच नेते," मी म्हटलं. "मी ओळखते त्या येडपटाला."

जीप पुसेगाव मागे टाकून नाक्याला लागेपर्यंत मी एकटीच हसत होते. शेजारची म्हातारी सरकून बसली.

नंतर हळूहळू अंगण भरत गेलं. आधी रोज एखादी, मग तुळशीपर्यंत मोटारी, मग मला दोरीवर कपडे वाळत घालायला वाट उरेना. त्याची कटकट मी रोज करायची आणि आतून रोज खूश व्हायची. तरी यांची हत्यारं रात्री फडक्यातच गुंडाळलेली असत. मी विचारलं तर म्हणाले, "ह्यो सिझन आहे. चार दिवसांचं कौतुक. तो फोन आज आपल्याला वर चढवतो, उद्या दुसऱ्याला चढवील. त्याचा काय भरवसा?"

मास्तरही तेच सांगत होते.

हरभरा निघाला. दाजींचा फोन आला, आता हो की नाही ते सांगा, जागा आणखी धरता येणार नाही. हे म्हणाले, "उद्या कळवतो." 'पाहू'च्या पुढचं पाऊल होतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचा डबा भरावा तशा सवयीने वेबसाइट उघडली. तिच्या मागच्या बाजूला एक यादी असते, दुकानवाल्यालाच दिसते. लोक कोणकोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले ते त्यात असतं. मला ती यादी तोंडपाठ झाली होती. मोटार जळाली. मोटार गुंगू करते. मोटार पाणी फेकत नाही. मोटार भरणारे कनेरगाव. बोट खाली सरकवत गेले आणि थांबले.

मोटार थकली.

मी परत वाचलं. त्याच्या खाली आणखी एक होतं. थकलेली मोटार भरून देणारे.

हे मी टाकलेलं नव्हे, कुणाला टाकायला सांगितलेलंही नव्हे. कुठल्या तरी शेतात, बंद पडलेल्या मोटारीजवळ उभ्या असलेल्या कुणीतरी फोन तोंडाजवळ नेला होता आणि जळाली म्हटलं नव्हतं. एकाने नव्हे, दोघांनी. फोन दुसऱ्याला वर चढवील, चढवू दे. हा शब्द फोनचा नव्हता.

मी अंगणात धावले. हे तार भरत होते. "सतरा, अठरा..."

फेरे मोजताना बोलायचं नाही, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालेलं. तरी मी बोलले. "अहो, लोक थकली म्हणून शोधून राहिले!"

"एकोनीस."

"मोटार थकली. असंच टाकलंय. हे पाहा, दोघांनी."

त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली, बोट ठेवून, अक्षर अक्षर. मग फोन माझ्या हातात दिला आणि तारेकडे पाहिलं.

"किती झाले होते?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी थोडीच मोजत होते."

आमच्या संसारात त्यांचा फेरा चुकलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी भरलेली तार सगळी सोडवली. मग म्हणाले, "तुझ्या दाजीला फोन लाव. मापं पाठवनं होत न्हाई म्हनावं."

"अन् काहून, असं विचारलं तर?"

"कागद भरला म्हनावं."

म्हणजे मापं पाठवायची सोडून मी मशीनच्या खणात दडवली, हे यांना सगळं ठाऊक होतं! मी रागवायला तोंड उघडलं, पण हसूच फुटलं. कोपऱ्यातलं हत्यारांचं फडकं मी उचललं, झटकलं आणि दोरीवर उरलेल्या हातभर जागेत वाळत घातलं.

"चहा टाकू का?" मी विचारलं.

ते खाली वाकले होते. नवी तार ओढत म्हणाले, "तीन."